शाळेची फिल्म आणि घंटा वाजवणारे मामा

जालना जिल्ह्यातल्या एका कॅथलिक शाळेत नववीला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: शाळेला पंचवीस वर्षं होताहेत. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मुलांनीच बनवलेली पाच-सहा मिनिटांची फिल्म दाखवायची आहे. हाताशी बावीस मुलं, चार फोन, एक जुना लॅपटॉप, पैसा नाही. मुख्याध्यापिका सिस्टरना शाळेची प्रगती दिसायला हवी आहे, मुलांना रील करायचेत, आणि वर्गात ख्रिस्ती मुलं जेमतेम तीन-चार. ‘आपली शाळा म्हणजे एक कुटुंब, हे फिल्ममधून दिसावं असं सगळेच म्हणतात. ते या मुलांकडून कसं करून घेऊ?’

मॅडम, मराठवाड्यातल्या शाळांमध्ये मुलांना व्हिडिओ शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. त्याआधी लग्नांचं शूटिंग करायचो. या चौदा वर्षांत गेलो त्यातल्या बऱ्याच शाळा मिशनच्याच होत्या, आवारात चर्च आणि मागे बोर्डिंग असलेल्या. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर थोडक्यात असं: फिल्म शाळेवर करू नका, शाळेतल्या दोन-तीन माणसांवर करा, आणि ती माणसं कोण हे मुलांनाच शोधू द्या. खाली जे लिहितोय ते सगळं हे एक काम नीट व्हावं म्हणून.

हे मी कुठं शिकलो ते सांगतो. सुरुवातीच्या काळात एका शाळेची फिल्म केली. फाटकापासून इमारतीपर्यंत कॅमेरा नेला, कॉम्प्युटर लॅब, प्रयोगशाळा, दहावीच्या निकालाचे आकडे, ट्रस्टींचं मनोगत, मुलांच्या हातात ट्रॉफ्या. दिसायला देखणी झाली होती. संमेलनात लावली तेव्हा पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या आणि मागचे पालक आपापसात बोलत राहिले. मग मध्येच चार सेकंदांचा एक शॉट आला. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात मावशी भाकरी थापताना, बस्स एवढाच. तो मी जागा भरायला म्हणून टाकला होता. सगळं मैदान एकदम ओरडलं. बोर्डिंगची पोरं उभी राहिली, जुने विद्यार्थी शिट्ट्या मारायला लागले. मावशी मंडपाच्या कडेला उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडावर घेतला. त्या रात्री घरी जाऊन मी पूर्ण फिल्म पुन्हा पाहिली आणि मला कळलं की बारा मिनिटांत त्या शाळेतला एकच माणूस मी दाखवला होता, तोही चुकून.

म्हणून पहिले पंधरा दिवस फोन बाहेर काढायचे नाहीत. प्रत्येक मुलाला एक छोटी वही द्या आणि साधे प्रश्न द्या. शाळेत सगळ्यात आधी कोण येतं? शेवटी कुलूप कोण लावतं? तुला कधी ताप आला तेव्हा कुणी घरी पोचवलं? शाळेत कुणाला सगळ्यांची नावं पाठ आहेत? पाऊस आला की व्हरांड्यातलं पाणी कोण काढतं? कुणाचा आवाज ऐकला की भीती वाटते आणि तरी तो माणूस आवडतो? मुलं हे प्रश्न घेऊन फिरली की अशा गोष्टी घेऊन येतात ज्या आपल्याला वीस वर्षं नोकरी करून माहीत नसतात. एका शाळेत मुलांनी शोधलं की घंटा वाजवणारे मामा पहाटे पावणेसहाला येतात, कारण गावाकडून येणारी पहिली एसटी सहाला पोचते आणि तिच्यातून उतरलेल्या चार मुलींना बंद फाटकाबाहेर उभं राहावं लागू नये. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या कागदावर नव्हतं. मुख्याध्यापिका सिस्टरनाही माहीत नव्हतं. ती फिल्म मग तिथूनच सुरू झाली: अंधार, कुलपाचा आवाज, आणि लांबून येणाऱ्या एसटीचे दिवे.

कुटुंब म्हणतात ते असं दिसतं. ‘आमची शाळा म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य मात्र फिल्ममध्ये कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. मी मुलांना तेवढा एकच नियम घालून देतो. ते वाक्य काढून घेतलं की मुलांना ती गोष्ट दाखवावी लागते.

तुमच्या मुलांनी कदाचित यूट्यूबवर अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांचे व्हिडिओ पाहिले असतील. तिकडे १९७४ पासून ‘कॅथलिक स्कूल्स वीक’ साजरा होतो, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, आणि त्या आठवड्यासाठी मुलं हातात पाट्या धरून ‘मला माझी शाळा आवडते कारण…’ असं एकेक वाक्य बोलतात. तिकडे त्याला कारण आहे. शाळा टिकवायच्या असतात, पुढच्या वर्षीचे प्रवेश व्हायचे असतात, आणि बघणारा पालक बहुतेक त्याच चर्चचा असतो. आपल्याकडे तीच नक्कल केली की बावीस मुलं बावीस वेळा ‘शिस्त’ आणि ‘संस्कार’ म्हणतात. मी हे होताना पाहिलंय. मुलांचा दोष नसतो, मोठ्यांना जे ऐकायला आवडतं ते त्यांना पाठ असतं.

आता ख्रिस्ती असण्याचा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नातली खरी काळजी तीच आहे असं मला वाटलं. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मिशन शाळेत हीच स्थिती आहे. वर्गात हिंदू, बौद्ध, मुस्लिम मुलं जास्त, ख्रिस्ती थोडी. यावर दोन चुका होतात. एक तर शाळा आपलं कॅथलिकपण फिल्ममधून पुसूनच टाकते, कुणाला काही वाटायला नको म्हणून. मग ती कुठल्याही इंग्रजी शाळेची फिल्म होते. नाहीतर मग सगळ्या मुलांना हात जोडून एकाच प्रार्थनेत उभं करतात आणि फिल्म एखाद्या पत्रकासारखी दिसते. दोन्ही नको. जे रोज आहे ते जसं आहे तसं दाखवा. फाटकाशी मरियामातेचा पुतळा आहे, त्याच्यापुढून जाताना एखादी मुलगी क्रूसाची खूण करते, दुसरी नुसती मान झुकवते, तिसरा धावत निघून जातो कारण त्याला उशीर झालाय. तिघांना एकाच फ्रेममध्ये येऊ द्या. यापेक्षा खरं चित्र तुम्हाला रचून मिळणार नाही.

मुस्लिम किंवा बौद्ध मुलाला श्रद्धेबद्दल प्रश्न विचारू नका. त्याला विचारा, सिस्टर तुझ्या घरी कधी आल्या होत्या का? एका मुलीनं याचं उत्तर दिलं होतं ते मी विसरलेलो नाही. तिचे आजोबा वारले तेव्हा सिस्टर आल्या, जमिनीवर आजीशेजारी बसल्या, अर्धा तास काहीही बोलल्या नाहीत, आणि उठताना म्हणाल्या, ‘पोरीला सोमवारी पाठवा, डबा मी देते.’ कॅथलिक शाळा म्हणजे काय याचं यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मी कुठल्या धर्मगुरूकडूनही ऐकलेलं नाही, आणि ते देणारी मुलगी ख्रिस्ती नव्हती.

कॅथलिक मुलांनाही जागा हवी. थोडी आहेत म्हणून ती या अशा कामात गप्प राहतात. त्यांना एक वेगळं काम द्या: शाळेचं नाव ज्या संतावरून पडलंय त्याची गोष्ट शोधून काढायची, घरच्या आजी-आजोबांना विचारून. मराठवाड्यातला कॅथलिक समाज मोठा नाही, पण जुना आहे. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये वेगळा झाला, त्याआधी हा भाग अमरावतीकडे होता. पण इथल्या गावांतलं मिशनचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. घोगरगावसारख्या ठिकाणाचं नाव काढलं की वैजापूर-गंगापूरकडची म्हातारी माणसं अजून तास-तासभर बोलतात. बैलगाडीनं येणारे फादर, झाडाखालची शाळा, आणि हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पायी जाण्याच्या आठवणी, सगळं आवाजासकट टिपून ठेवण्यासारखं. फिल्ममध्ये त्यातली तीस सेकंदं आली तरी चालेल, पण रेकॉर्डिंग पूर्ण ठेवा. ते पंचविसाव्या वर्षापेक्षा पन्नासाव्या वर्षी जास्त उपयोगी पडेल.

आपल्याकडे बऱ्याच शाळांना संत फ्रान्सिस डी सेल्स यांचं नाव आहे, कारण त्यांच्या नावाचा, १८३८ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ॲनसी इथं सुरू झालेला धर्मगुरूंचा संघ या भागात आला. तुमच्या शाळेचं नाव मला माहीत नाही, पण या संताची गोष्ट व्हिडिओ करणाऱ्या कुठल्याही मुलाला सांगावी अशी आहे. लोक प्रवचनाला येईनात म्हणून ते चिठ्ठ्या, पत्रकं लिहून दारांच्या फटीतून आत सरकवायचे. एका कर्णबधिर माणसाला शिकवता यावं म्हणून त्यांनी स्वतः खुणांची भाषा तयार केली. १९२३ मध्ये अकरावे पायस पोप यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. त्यांचा सण २४ जानेवारीला असतो, आणि जागतिक संपर्क दिनासाठीचा पोपचा संदेशही दरवर्षी त्याच दिवशी प्रसिद्ध होतो. तो दिन १९६७ पासून पाळला जातो. तुमचं संमेलन जानेवारीतच आहे. २४ तारीख साधली तर सिस्टरना वेगळं काही पटवून द्यावं लागणार नाही. आणि मुलांच्या वयाचं कुणी हवं असेल तर कार्लो अकुतिस आहे. कॉम्प्युटरवर रमणारा, वेबसाइट बनवणारा मुलगा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. ७ सप्टेंबर २०२५ ला त्याला संतपद मिळालं. त्याचा जीन्स आणि बूट घातलेला फोटो पाहिला की पोरं फोन खाली ठेवून ऐकतात.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चित्रित करायची असेल तर फादरांना आधी भेटा, मुलांना बरोबर घेऊन. एकच फोन, मागच्या बाजूला, स्टँडवर, जागचा न हलणारा. भाकर आणि द्राक्षरस यांच्या अर्पणाच्या वेळी रेकॉर्डिंग बंद. परमप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेणाऱ्यांचे चेहरे जवळून टिपायचे नाहीत. गायनमंडळ मात्र जवळून घ्या. ढोलकी आणि पेटी वाजवणाऱ्यांचे हात फार सुंदर दिसतात.

मुलाखतींवर मला जास्त बोलायचंय, कारण फिल्म तिथंच तरते किंवा बुडते. मुलं पहिल्यांदा विचारतात, ‘मामा, तुम्हाला शाळेबद्दल काय वाटतं?’ मामा म्हणतात, ‘लई चांगलं वाटतं.’ संपलं. मुलांना सांगा, वाटण्याबद्दल विचारायचं नाही, केल्याबद्दल विचारायचं. ‘मामा, आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ ‘घंटेचा टोल चुकला असं कधी झालं का?’ ‘ही किल्ली कशाची?’ एका पोरानं किल्ल्यांच्या जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीबद्दल विचारलं होतं. सतरा किल्ल्या होत्या. अकराव्या किल्लीला मामा थांबले आणि म्हणाले, ‘ही जुन्या खोलीची. ती पाडली. किल्ली राहू दिली.’ आणि गप्प झाले. पोरगा पण गप्प बसला, त्यानं पुढचा प्रश्न घाईनं विचारला नाही. हे गप्प बसणं शिकवावं लागतं. मी मुलांना सांगतो, समोरचा थांबला की मनात दहापर्यंत आकडे मोज. सातव्या-आठव्या आकड्याला माणूस खरं बोलतो.

विचारणारं मूल कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला, बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसलेलं हवं. मामा स्टुलावर आणि पोरगं उभं, असं केलं की मामा तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलावं तसे बोलतात. शक्यतो त्यांच्या हाताला काम असू द्या. भाकरी थापताना, कुंड्यांना पाणी घालताना, तोरणं बांधताना माणसं मोकळी होतात.

आणि भाषा बदलू नका. हे मी कळकळीनं सांगतोय. माणूस ‘काय करायलास रे इथं?’ म्हणत असेल तर तेच राहू द्या. एका शाळेत एका शिक्षकांनी मावशींकडून शुद्ध भाषेत तीनदा बोलून घेतलं. चौथ्यांदा मावशी म्हणाल्या, ‘मला जमत नाही, दुसऱ्या कुणाला विचारा,’ आणि आत निघून गेल्या. पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्याच नाहीत. ज्या बोलीत त्या पोरांना जेवू घालतात तीच बोली त्यांच्या फिल्ममध्ये चुकीची ठरवली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. समजायला अडचण असेल तर खाली अक्षरं द्या.

आवाजाकडे आता. फोनचं चित्र आज कुठल्याही फोनचं बरं येतं, आवाज मात्र येत नाही. प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतात, न कळणारं बोलणं सहन करत नाहीत. वायरचा कॉलरला लावायचा साधा माइक मिळाला तर उत्तम. नसेल तर दुसरा फोन घ्या, त्यात व्हॉइस रेकॉर्डर चालू करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मामांच्या वरच्या खिशात ठेवा, माइकची बाजू वर. सुरुवातीला एकदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. नंतर लॅपटॉपवर त्या टाळीवरून चित्र आणि आवाज जुळवता येतात. पंखा बंद. पाण्याची मोटार बंद. मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी मुलाखत सुरू करायची नाही. प्रत्येक जागेचा नुसता आवाज, कुणी न बोलता, तीस सेकंद वेगळा घ्यायचा. दोन तुकडे जोडताना तो खाली पसरला की जोड ऐकू येत नाही. एका मुलाला फक्त आवाज गोळा करायचं काम द्या. घंटा, सायकलींच्या साखळ्या, खडूचा फळ्यावरचा आवाज, ताटं धुताना होणारा खणखणाट, पहिलीच्या वर्गातले पाढे. हे काम मी नेहमी वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला देतो. तो ऐकण्यात पटाईत असतो.

प्रकाशाचं थोडक्यात. आपल्याकडचं दुपारचं ऊन माणसांचे डोळे काळे करून टाकतं. बाहेरचं काम सकाळी साडेनऊच्या आत नाहीतर चारनंतर. मुलाखतीला व्हरांडा सगळ्यात चांगला: माणसाचं तोंड मोकळ्या बाजूला, पाठ भिंतीकडे. वर्गात ट्यूबलाइट असतील तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. नसेल तर दिवे बंद करून खिडकीजवळ बसवा. चारही फोन आडवे धरायचे आणि चारही १०८० (फुल एचडी) वर, कारण शेवटी ही फिल्म पडद्यावर दिसणार आहे. एका मिनिटाला साधारण १०० ते १५० एमबी जागा लागते, त्यामुळे रोज संध्याकाळी फोन रिकामे करून लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्राची वाट लागते.

परवानग्यांकडे दुर्लक्ष करू नका, आणि त्या आत्ताच सुरू करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. पण कायद्याचं सोडा, पालकांना विचारणं हा साधा मान आहे. कागद मराठीत, एका पानाचा: फिल्म कशाची, कुठं दाखवणार, इंटरनेटवर टाकणार की नाही, आणि नको असेल तर मुलाला वगळू. उर्दू वाचणारे पालक असतील तर उर्दूतही. बोर्डिंगला ऊसतोड कामगारांची मुलं असतील तर दसरा-दिवाळीनंतर त्यांचे आई-वडील कारखान्यांवर निघून जातात, थेट उन्हाळ्यात परततात. त्यांची सही जायच्या आधी घ्या. राहिलीच तर फोन लावून मुलासमोर सगळं समजावून सांगा आणि कोण, केव्हा, काय बोललं त्याची नोंद ठेवा. बालकल्याण समितीमार्फत आलेलं मूल असेल तर त्याचा चेहरा, नाव, ओळख पटेल असं काहीच नको. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ त्याबाबत स्पष्ट आहे. अशा मुलाला फिल्ममधून बाहेर मात्र ठेवू नका. कॅमेरा त्याच्याच हातात द्या.

बोर्डिंगच्या गरिबीवर फिल्म घसरू देऊ नका. ‘या बिचाऱ्या मुलांना शाळेनं आधार दिला’ असं एक वाक्य आलं की तो मुलगा उद्या वर्गात बसू शकत नाही. तो बोर्डिंगमध्ये काय करतो ते दाखवा: पहाटे कोण कुणाला उठवतं, लहानग्याच्या बुटाची नाडी कोण बांधतं, रविवारी क्रिकेटचे स्टंप कशाचे करतात.

आणखी एक, जे फार थोड्या लोकांच्या लक्षात येतं. पंचवीस वर्षांचा इतिहास म्हटलं की सगळ्यांना जुनं जनरल रजिस्टर उघडून त्याच्यावरून कॅमेरा फिरवायचा मोह होतो. पिवळी पानं, शाईचं अक्षर, पहिल्या विद्यार्थ्याचं नाव. छान दिसतं. पण त्याच ओळीत त्याची जात, धर्म, जन्मतारीख लिहिलेली असते, आणि पडद्यावर ती दहा फूट मोठी होते. मी स्वतः एकदा हे टाकलं होतं. संमेलन संपल्यावर एक माजी विद्यार्थी शांतपणे येऊन म्हणाला, ‘सर, ते पान काढा.’ एवढंच म्हणाला. काढलं. रजिस्टर बंद असताना दाखवा, किंवा त्याच्यावर हात ठेवलेला क्लार्क दाखवा.

संगीतासाठी सिनेमातलं गाणं नको. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी, पालक-शिक्षकांसमोर गाणं सादर करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. फिल्मवर चढवून यूट्यूबवर टाकायला ती सवलत लागू पडत नाही. यूट्यूबची यंत्रणा ते गाणं आपोआप ओळखते, मग कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच अडतो. तुमच्या मुलांमध्ये हलगी, ढोलकी वाजवणारं कुणीतरी असणारच. पहिलीच्या पाढ्यांवर हलगीचा ठेका टाकून एका शाळेतल्या पोरांनी पूर्ण फिल्मचं संगीत केलं होतं, आणि ते मला कुठल्याही विकतच्या संगीतापेक्षा सरस वाटलं.

एडिटिंग आधी कागदावर. मुलाखती ऐकून प्रत्येक चांगलं वाक्य एका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या, बावीस मुलांनी गोल करून बसायचं आणि क्रम लावायचा. भांडणं होतात, होऊ द्या. सहा मिनिटांच्या फिल्मला सात-आठशे शब्दांपेक्षा जास्त बोलणं मावत नाही, आणि निम्मी फिल्म तर बोलण्याविनाच असावी. लॅपटॉपवर शॉटकट किंवा ओपनशॉट फुकट मिळतात आणि जुन्या मशीनवरही रखडत का होईना चालतात. फोनवर काइनमास्टर आहे. मराठी अक्षरं युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी-कृतीदेव या जुन्या फॉन्टमधली अक्षरं तिथं चालत नाहीत, आणि ‘विद्यार्थी’चा रफार तुटलाय का ते पडद्यावर एकदा मोठं करून बघा. जोडाक्षर तुटलेलं शाळेच्या फिल्ममध्ये फार खुपतं.

सिस्टरना प्रगती दाखवायची आहे, त्यात गैर काही नाही. त्यांनी पंचवीस वर्षं त्याच्यासाठी घातलीत. त्यांना म्हणा की निकालाचे आकडे, नव्या इमारती, देणगीदार यांची स्मरणिका छापू. कागदावर आकडे टिकतात. फिल्ममध्ये प्रगती एखाद्या माणसातून येऊ द्या. पहिल्या तुकडीतली एखादी मुलगी आज नर्स असेल, शिक्षिका असेल, किंवा तिची स्वतःची मुलगी याच शाळेत पाचवीत असेल. आई आणि लेक त्याच बाकावर बसलेल्या, दोन मिनिटं. आणि कच्ची फिल्म सगळ्यात आधी ज्यांच्यावर आहे त्यांना दाखवा. मामा आणि मावशी हो म्हणाल्या, की मग सिस्टरना. सिस्टरना हा क्रम सांगून ठेवा. आजवर एकाही सिस्टरनी त्याला नाही म्हटलेलं नाही.

रीलचं मुलांना खुशाल हो म्हणा, पण संमेलनानंतर. गोळा केलेल्यातूनच चाळीस-चाळीस सेकंदांचे तीन उभे तुकडे, वेगळे कापून. चेहरे दिसणाऱ्या मुलांची नावं लिहायची नाहीत, गणवेशावरची नावाची पट्टी दिसत असेल तर तो शॉट घ्यायचा नाही. पूर्ण फिल्म यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसेल.

दाखवायच्या दिवशीचं काम वेगळं आहे. मैदानावर प्रोजेक्टर लावणार असाल तर जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो; पावणेसातच्या आधी पडदा पांढराच दिसेल. मंडपवाल्याच्या स्पीकरवर भाषणाचा आवाज घुमतो, म्हणून आदल्या संध्याकाळी पूर्ण फिल्म एकदा त्याच स्पीकरवर, त्याच मैदानात, मागच्या रांगेत उभं राहून ऐका. दोन पेन ड्राइव्ह. जनरेटरवाल्याला फिल्मची वेळ सांगून ठेवा. फिल्मच्या आधी भाषण नको. लावायची आणि बाजूला व्हायचं. शेवटी बावीस मुलांची नावं, कामासकट: आवाज कुणी गोळा केला, चिठ्ठ्या कुणी लिहिल्या, सायकलवरून परवानगीचे कागद कोण घेऊन गेलं.

आणि मामांसाठी, मावशींसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवा, नावाची चिठ्ठी लावून. त्या संध्याकाळपुरती घंटा दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, नाहीतर वेळ झाली की मामा फिल्म अर्धी सोडून उठून जातील.